लाल ठिपक्याचा कप

४ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "रोज दोन ओळी लिहीत जा. थकवा किती, झोप कशी, मन कसं. पुढच्या वेळी बोलायला बरं पडतं."

मी म्हटलं, "बाई, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. मला तीनच रकाने भरता येतात. बिघाड, कारण, उपाय."

"मग ते भरा," म्हणाल्या.

तर ही कंपनीची कोरी नोंदवही. ही एरवी लिफ्टच्या मशीनखोलीत खिळ्याला टांगायची असते. मी ती माझ्या कामाच्या पेटीत ठेवणार आहे, कारण घरात त्या पेटीला कोणी हात लावत नाही.

बिघाड: हिपॅटायटिस सी. यकृतात विषाणू. मुक्काम बहुधा तीस वर्षांचा.
कारण: बाविसाव्या वर्षी पुलीत हात सापडला होता तेव्हा चढवलेलं रक्त, असा डॉक्टरांचा अंदाज.
उपाय: रोज एक गोळी, बारा आठवडे.

कळलं ते असं. कंपनीत रक्तदान होतं. मी छाती पुढे काढून रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली. महिन्याभराने पत्र आलं, कृपया समक्ष येऊन भेटा. मला वाटलं सत्कार असेल. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

डॉक्टरबाई भल्या आहेत. म्हणाल्या, आता या गोळ्यांनी बहुतेक सगळे बरे होतात. आणि गेली दोन-तीन वर्षं तुम्हाला जो थकवा येतोय, विसरायला होतंय, चिडचिड होतेय, त्यातला बराचसा भाग या विषाणूचा असू शकतो. मी हे सगळं वयाच्या नावावर टाकत होतो. मनातल्या मनात वयाची माफी मागितली.

"घरी सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"आज सांगतो."

सांगितलं नाही. सांगणारही नाही. कारण एकच आहे आणि ते इथे लिहून ठेवतो. आमची ही बसमध्ये बसली की दुसरा थांबा यायच्या आत झोपते आणि डोकं माझ्या उजव्या खांद्यावर टाकते. सव्वीस वर्षं झाली. उद्या तिला हे कळलं आणि ती सरळ बसली तर? काही बोलणार नाही ती. शाळेत गणित शिकवते, मोजूनमापून बोलते. नुसती सरळ बसेल. ते मला सोसणार नाही. त्यापेक्षा बारा आठवडे तोंड मिटून गोळ्या गिळायच्या आणि विषय संपवायचा.

५ फेब्रुवारी

दवाखान्याने माहितीचं पत्रक दिलंय. त्यात म्हटलंय की एका कपातून पिण्याने, एकत्र जेवण्याने, मिठी मारण्याने हा पसरत नाही. फक्त रक्त रक्ताला लागता कामा नये. म्हणून दाढीचा वस्तरा, दात घासायचा ब्रश, नखं कापायची कात्री वेगळी ठेवा.

पत्रक लिहिणाऱ्या माणसाने लिफ्टमध्ये काम केलेलं नाही. लिफ्ट एका दोरावरही पेलली जाते, तरी आम्ही पाच दोर लावतो. म्हणून मी पुढील दोर लावले आहेत.

पहिला, कप. घरात एका जातीचे सहा कप आहेत. त्यातला कानाशी टवका उडालेला मी घेतला. टवका ही खूण होतीच, पण एका खुणेवर विसंबू नये, म्हणून हिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपकाही बुडाशी दिला. दुसरा, टॉवेल. तिसरा, खुर्ची. चौथा, झोप. पाठ दुखते असं सांगून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पथारी हलवली. पाचवा, वस्तरा. तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कामाच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवला आहे.

ही म्हणाली, "अहो, पाठ दुखते तर त्या दिवाणावर कशी बरी होईल? त्याच्यात खड्डा आहे."

मी म्हटलं, "खड्ड्यात पाठ बसते."

हिने चष्म्यावरून बघितलं फक्त.

७ फेब्रुवारी

नर्सबाईंनी एक छापील प्रश्नावली दिली आहे, वर दवाखान्याचं आणि आजाराचं नाव. आजाराचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते तपासायला. छत्तीस प्रश्न. "गेल्या चार आठवड्यांत तुम्ही किती वेळ उत्साहाने सळसळत होता?" आता सळसळणं हे झाडाच्या पानांचं काम. मी बावन्न वर्षांचा आहे. "एक मजला चढताना त्रास होतो का?" लिफ्टच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे सरळ अपमान.

तरी भरली. आमच्या धंद्यात तपासणीचा कागद भरायची एक पद्धत आहे. लिफ्ट वर जाते, खाली येते, दार लागतं, तर प्रत्येक ओळीपुढे "ठीक" अशी खूण करायची. बारीक आवाज येतो, जरा हिसका बसतो, असलं काही लिहायचं नाही. लिहिलं की वरचे लोक येतात आणि चौकशी सुरू होते. त्या हिशोबाने मी छत्तीसच्या छत्तीस प्रश्नांना "अजिबात त्रास नाही" अशी खूण केली. तीन मिनिटांत काम आटोपलं.

मग कागद हरवला. ही जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासत बसली होती, मी समोरच भरत होतो, आणि नंतर कागद नाही. डोकं हल्ली असंच आहे. परवा वंगणाची डबी फ्रीजमध्ये ठेवली होती.

८ फेब्रुवारी

कागद सापडला. माझ्या कामाच्या पेटीवर, लिफाफ्यात घालून, लिफाफा चिकटवलेला. मीच चिकटवला असणार. आठवत नाही, पण इतकं व्यवस्थित काम दुसरं कोण करणार?

दवाखान्यात नेऊन दिला.

१० फेब्रुवारी

विचित्र प्रकार. सकाळी माझा कप घ्यायला गेलो, उलटा करून पाहिला तर लाल ठिपका आहे. शेजारच्या कपालाही आहे. सहाच्या सहा कपांना आहे.

मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहून आठवत होतो. एकच कप रंगवला होता याची मला खात्री आहे. निदान परवापर्यंत होती.

ठिपक्याची खूण गेली तरी टवक्याची होती. पण टवक्याचा कप हिने उचलला आणि चहा ओतून प्यायलीही. मी म्हटलं, "अगं, तो फुटका कशाला घेतेस?"

"मला हाच आवडतो."

"कालपर्यंत तुला तो टाकून द्यायचा होता."

"माणसाची आवड बदलते," म्हणाली आणि पेपर वाचायला लागली.

बिघाड: वरीलप्रमाणे.
कारण: सापडत नाही.
उपाय: उद्या लवकर उठणे.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस लवकर उठतोय. पहिल्या दिवशी कप मिळाला. दुसऱ्या दिवशी ही माझ्याही आधी उठली होती. काल मी संध्याकाळीच कप पिठाच्या डब्यामागे लपवला. आज सकाळी ही त्यातूनच चहा पीत होती, कपाच्या कानावर पीठ होतं.

मी हल्ली स्वयंपाकाच्या मापाच्या प्लास्टिकच्या भांड्यातून चहा पितो. अडीचशे मिलिपर्यंत रेघ आहे, त्यामुळे प्रमाण तरी कळतं.

१६ फेब्रुवारी

हिने तिच्या वडिलांना विजेवर चालणारं दाढीचं मशीन आणलं. वाढदिवस नाही, काही नाही. वर बजावलं, "बाबा, आजपासून यानेच करायची. वस्तरा बंद."

सासरे आमच्याकडेच असतात. अख्खी हयात फुटबॉलचे पंच म्हणून गेली. वय अठ्ठ्याहत्तर, शिट्टी अजून गळ्यात. चहाला उशीर झाला की वाजवतात. खिशात पिवळं कार्डही असतं, ते टीव्हीवरच्या बातम्यांना दाखवतात. मी तर त्यांना पंचच म्हणतो.

पंचांनी मशीन कानाशी धरून ऐकलं आणि म्हणाले, "हे माझ्या गालावर डास सोडल्यासारखं वाटतं."

मला जरा वाईटच वाटलं. मला कोणी मशीन आणलं नाही.

२ मार्च

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय. पण नर्सबाई म्हणाल्या होत्या, खरं लिहा.

नऊ मजली इमारतीत काम होतं. दाराचा खटका बदलला, मग चाचणी म्हणून लिफ्टमध्ये बसून सगळे मजले फिरायचे होते. बसून म्हणजे पेटीवर बसून. चौथ्या मजल्यापर्यंतचं आठवतं.

जाग आली तेव्हा पावणेदोन तास झाले होते. मी कोपऱ्यात पेटीवर भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर कोणीतरी उशी ठेवलेली, आणि माझ्याच पेटीतली "दुरुस्तीचे काम चालू आहे" ही पाटी माझ्या गळ्यात. लिफ्ट व्यवस्थित चालली होती. लोक ये-जा करत होते. सातव्या मजल्यावरच्या आजीबाई नातीला हळू सांगत होत्या, "आवाज करू नकोस, त्यांचं काम चालू आहे."

पाटी माझ्या जोडीदाराने अडकवली. आम्ही दोघं अकरा वर्षं बरोबर काम करतो. तो प्रत्येक कामाला इतका थांबत-थांबत जातो की त्याचं नावच ब्रेक पडलंय. आज मात्र त्याने माझ्या वाटचं सगळं काम उरकून टाकलं होतं. म्हणाला, "तू झोपतोस त्याचं काही नाही रे. पण तू जागा असतोस तेव्हाही हल्ली झोपलेलाच असतोस. बरं आहे ना?"

मी म्हटलं, "एकदम ठीक."

घरी आलो आणि मोरीत नळ सोडून थोडा रडलो. थकवा हा शब्द फार लहान आहे. काम करून दमतो ते वेगळं, त्यात एक मजा असते. हे म्हणजे झोपून उठावं आणि उठलेला माणूस आपण नसावाच.

शेरा: उशी परत करायची राहिली.

६ मार्च

दवाखाना. पहिल्या चार आठवड्यांचं रक्त तपासलं. डॉक्टरबाई खूश आहेत. विषाणू जवळजवळ दिसेनासा झालाय.

नर्सबाईंनी विचारलं, "घरी सांगितलं का?"

"हो तर. पहिल्याच दिवशी. फार शांतपणे घेतलं तिने."

नर्सबाईंना एकदम खोकला आला. पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा खोकल्या. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी तब्येतीची काळजी घ्यायला हवी.

"काका," त्या म्हणाल्या, "एकदा नीट सांगाच."

"सांगितलं म्हणतोय ना!"

९ मार्च

टोस्टरशी भांडण झालं. त्याने सुरुवात केली.

१५ मार्च

ही आज म्हणाली, "दिवाणावर पुरे झालं आता. पाठ बरी असेल तर आत या."

म्हटलं, "अजून थोडी आहे."

"थोडी म्हणजे किती?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. गोळ्या अठ्ठावीस एप्रिलला संपतात. म्हटलं, "साधारण सहा आठवडे आणि दोन दिवस."

हिने चष्मा काढून पुसला. तिचे डोळे लाल होते. उत्तरपत्रिका तपासून होतात.

२१ मार्च



सकाळी पंच मोरीतून बाहेर आले. गाल तुळतुळीत. हनुवटीवर कापसाचा बोळा. म्हणाले, "जावईबापू, वस्तरा असावा तर तुमच्यासारखा! काय धार आहे! त्या डासाच्या मशीनला हात लावावासा वाटत नाही."

मी म्हटलं, "कुठला वस्तरा?"

"तुमच्या पेटीतला. माझ्या खुर्चीचा नट ढिला झाला होता, पाना शोधत होतो. तर खाली हा, अगदी नव्या नवरीसारखा गुंडाळून ठेवलेला. आठवडा झाला वापरतोय. हिला सांगू नका, ती मशीनच्या मागे लागलीय."

मला खाली बसावंसं वाटलं आणि मी बसलो. माझी वेगळी खुर्ची लांब होती, म्हणून जमिनीवर.

पाच दोर लावले होते मी. कप, टॉवेल, खुर्ची, दिवाण यांची पत्रकाप्रमाणे काही गरज नव्हती. गरज होती ती एकाच दोराची आणि नेमका तोच तुटला. तुटला तोही माझ्यामुळे. वस्तरा उघड्यावर असता, का वेगळा आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, तर पंचांनी हात लावला नसता. मी लपवला म्हणून त्यांना सापडला.

ही स्वयंपाकघरात होती. मी दारात उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगितलं. रक्तदान, पत्र, इस्त्रीचा शर्ट, विषाणू, गोळ्या, वस्तरा, तिचे वडील. सांगताना कधी रडायला लागलो ते कळलं नाही.

"तुम्ही वस्तरा बाबांच्या हाती लागेल असा ठेवलात?" ती म्हणाली.

"मी लपवला होता!"

"आणि बाबांनी मशीन सोडलं?" आता तीच खुर्चीवर बसली. "मी म्हटलं होतं मशीन आणलं की झालं. म्हटलं होतं, हे सांगतील तेव्हा सांगतील, तोवर बाबांची तरी काळजी नको."

मला कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे तुला..."

"सात फेब्रुवारीपासून," ती म्हणाली. "तुमचा कागद माझ्या गठ्ठ्यात आला. सदतिसावी उत्तरपत्रिका."

पंच मागे येऊन उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. खिशातून पिवळं कार्ड काढून आधी मला दाखवलं, मग लेकीला, आणि जरा विचार करून स्वतःला.

२२ मार्च

तिघंही दवाखान्यात गेलो. पंचांचं रक्त घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या गोळ्यांचे सहा आठवडे झालेत, रक्तात विषाणू जवळपास उरलेला नाही, त्यामुळे धोका फार थोडा आहे. पण एकदा आत्ता बघू आणि पुन्हा काही महिन्यांनी. पंचांनी सुई टोचताना शिट्टी तोंडात धरली होती. ती वाजली आणि बाहेर रांगेतले सगळे उठून उभे राहिले.

मग नर्सबाईंनी कपाटातून माझी प्रश्नावली काढली. "आता दाखवायला हरकत नाही ना?" त्यांनी हिला विचारलं. हिने मान हलवली.

माझ्या प्रत्येक खुणेवर लाल शाईची फुली होती आणि शेजारी हिचं अक्षर.

"एक मजला चढताना त्रास? चूक. दुसऱ्या मजल्यावर थांबून बुटाची नाडी बांधतात. बुटाला नाडी नाही."

"विसरायला होतं का? चूक. हा कागद माझ्या गठ्ठ्यात कसा आला?"

"उत्साहाने सळसळणं. चूक. पूर्वी जिना चढताना शिट्टीवर गाणं वाजवायचे. गेल्या वर्षीपासून बंद."

"जवळच्या माणसांशी संबंधांवर परिणाम? चूक. तीन दिवसांपासून खड्ड्यात झोपतात. माझ्याकडे बघत नाहीत. मी काय केलं ते कळत नव्हतं. आत्ता कळलं."

खाली शेरा होता: "छत्तीसपैकी शून्य. खुणा मात्र सरळ केल्या आहेत. रुग्ण थकलेला आहे, कबूल करत नाही. कृपया याची उत्तरे खरी धरू नयेत."

मला हसायलाही येईना आणि रडायलाही. नर्सबाईंना मात्र पुन्हा तो खोकला आला.

परत येताना बस. पंच पुढे बसले, आम्ही मागे. दुसरा थांबा गेला, चौथा गेला. ही सरळ बसली होती. खिडकीबाहेर बघत, शेवटपर्यंत, पाठीला आधारसुद्धा न देता.

म्हणजे ज्याची भीती होती ते झालंच.

२३ मार्च

विचारलं. धीर करून विचारलं, "किळस वाटते का माझी?"

ती इतकी चिडली की हातातला खडू मोडला. घरी खडू घेऊन का आली होती कोण जाणे. "सहा आठवडे," ती म्हणाली, "सहा आठवडे मी वाट बघतेय की आज सांगतील, उद्या सांगतील. तुमच्या आजाराची मला भीती नाही वाटली. ते पत्रक मी वाचलं, डॉक्टरांना भेटले, नर्सबाईंना चारदा फोन केला. पण तुम्हाला माझी भीती वाटली. सव्वीस वर्षांनी! माझी! त्याचा राग आलाय मला."

"मग मला आधीच का नाही सांगितलंस की तुला माहीत आहे?"

"उत्तर मी सांगून टाकत नाही कधी," ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "ते चुकलं माझं. बाबांच्या हनुवटीवर कापूस बघितला तेव्हा कळलं."

 आतून शिट्टी वाजली. चहाला उशीर झाला होता.

२६ मार्च

पंचांचा निकाल आला. काही नाही. स्वच्छ. जुलैत पुन्हा एकदा बघायचं. त्यांनी तो कागद फ्रीजवर चिकटवला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. दूधवाल्यालाही दाखवला. मशीनने दाढी करायला लागले आहेत. करताना डास मारल्यासारखं स्वतःच्या गालावर चापट मारतात.

माझा वस्तरा मोरीत कपाटात, वेगळ्या खणात, वर हिच्या अक्षरात चिठ्ठी: "यांचाच. कोणीही हात लावू नये. विशेषतः बाबा."

दिवाणावरची पथारी हलवली. पाठ खरंच दुखायला लागली होती.

३० मार्च

आज सुट्टी. कप घासत होतो. सहाच्या सहा कपांना लाल ठिपके. नेलपॉलिश काढायचं औषध घेऊन पुसायला बसलो.

ही आली. "काय करताय?"

"हे ठिपके काढतोय. एकच कप रंगवला होता मी. बाकीचे कसे झाले अजून कळत नाही."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. माझ्याकडे असं बघितलं, की पाढा चुकलेल्या मुलाकडेसुद्धा ती तसं बघत नसेल.

"अहो," ती म्हणाली, "नेलपॉलिश कोणाचं आहे?"

मग डोक्यात प्रकाश पडला. पन्नास दिवसांनी. भांडी घासताना तिला एका कपावर ठिपका दिसला, ती समजली, आणि तिने बसून बाकीचे पाचही रंगवले, म्हणजे माझा कप म्हणून वेगळा कप घरात उरूच नये. आणि टवका कसा काढणार, म्हणून तो कप रोज स्वतः घेतला. पिठाच्या डब्यामागून शोधून घेतला.

मी हातातला बोळा खाली ठेवला. तिच्या हाताला ओल्या हातानेच धरलं. म्हटलं, "चुकलो गं."

"हे बरोबर उत्तर आहे," ती म्हणाली.

ठिपके राहू दिले आहेत. टवक्याच्या कपासाठी आता रोज सकाळी खरं भांडण होतं. मापाचं भांडं पंचांनी घेतलं. त्यांना रेघ आवडते.

२८ एप्रिल

शेवटची गोळी. गिळल्यावर काहीतरी व्हावं असं वाटत होतं. काही झालं नाही. पण दुसऱ्या मजल्यावर न थांबता वर आलो आणि ते घरात पोहोचल्यावर लक्षात आलं. पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढून बघितलं. मग तिसऱ्यांदा. तेव्हा मात्र नाडी बांधावी लागली.

ब्रेकला सगळं सांगितलं. तो थांबला, विचार केला, अजून थांबला. म्हणाला, "म्हणजे ती पाटी बरोबर होती. दुरुस्तीचं काम चालूच होतं."

उशी सातव्या मजल्यावर परत केली. आजीबाई म्हणाल्या, "झालं का काम पूर्ण?" म्हटलं, तीन महिन्यांनी कळेल.

२१ जुलै

पंचांचं रक्त स्वच्छ. माझंही. विषाणू नाही. डॉक्टरबाईंनी कागद उलटा-सुलटा करून दाखवला. मी "नक्की ना?" असं चारदा विचारलं. पंचांनी दवाखान्यात सामना संपल्याची लांब शिट्टी वाजवली आणि त्यांना बाहेर बसायला सांगण्यात आलं.

नर्सबाईंनी पुन्हा तीच प्रश्नावली दिली. छत्तीस प्रश्न. या वेळी मी पाऊण तास घेतला. अजून काही दिवस थकायला होतं, ते लिहिलं. विसरतो, ते लिहिलं. (पेन कोणाचं ते विसरलो, तेही लिहिलं.) सळसळण्यापुढे "काही काळ" अशी खूण केली. जवळच्या माणसांच्या प्रश्नापाशी अडलो, तर तिने शेजारून वाकून बघितलं. मी म्हटलं, "कॉपी करायची नाही." तिने लाल पेन पर्समध्ये ठेवून दिलं.

येताना बस मिळाली. पंच पुढच्या सीटवर, वाहकाला रक्ताचा कागद दाखवत होते. मी खिडकीशी, ही माझ्या उजवीकडे. पहिला थांबा गेला. मी श्वास धरून बसलो होतो. दुसरा थांबा यायच्या आत डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि ती घोरायला लागली.

आमचा थांबा आला. पंचांनी मागे वळून बघितलं, शिट्टी तोंडाशी नेली. मी बोट ओठावर ठेवलं. त्यांनी शिट्टी शर्टात टाकली. बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, तिथून आम्ही तिघं अर्धा तास चालत आलो.

बिघाड: उजवा खांदा बधिर.
कारण: माहीत आहे.
उपाय: करू नये.